बायको म्हणते म्हणून

गोष्टींतले बहुतेक नामांकित गुप्तहेर सडेफटिंग असतात. होम्सला त्याचं व्हायोलिन पुरतं, पोइरोला त्याच्या मिशा. घरी कुणी वाट बघत नाही, मग रात्री-अपरात्री लोकांच्या भानगडीत नाक खुपसायला मोकळे! १९३४ सालच्या ‘द थिन मॅन’ या हॉलिवूडपटातला गुप्तहेर निक चार्ल्स मात्र संसारी आहे आणि त्याला काम करायची तिळमात्र इच्छा नाही.

कशाला असेल? बायको नोरा गडगंज श्रीमंत. तिचा पैसा सांभाळण्यातच आपला दिवस जातो, त्यासाठीच तर लग्न केलं, असं हे गृहस्थ तिच्या तोंडावर सांगतात. नाताळासाठी दोघं न्यूयॉर्कला आलेत. निक आपल्याला पहिल्यांदा दिसतो तो बारमध्ये. मॅनहॅटन नावाची कॉकटेल फॉक्सट्रॉट नाचाच्या ठेक्यावर हलवायची आणि ड्राय मार्टिनी वॉल्ट्झच्या, असे धडे बारवाल्यांना देत असतो. अमेरिकेतली दारूबंदी आदल्याच डिसेंबरात उठलेली. प्रेक्षकांचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले असणार.

तेवढ्यात ॲस्टा नावाचं कुत्रं नोराला फरफटत आत आणतं आणि ती हातातल्या सगळ्या पुड्यांसकट सपशेल आडवी होते. सावरून बसल्यावर नवऱ्याला विचारते, किती झाले? हा सहावा, असं कळल्यावर कपाळाला हात नाही की भांडण नाही. वेटरला म्हणते, मला आणखी पाच आण, इथे रांगेत मांड.

नोरा झालेली मिर्ना लॉय हे असं काही म्हणते की निक झालेला विल्यम पॉवेलसारखा मुरलेला नटही क्षणभर तिच्याकडे बघत राहतो. पटकथा फ्रान्सिस गुडरिच आणि आल्बर्ट हॅकेट या खऱ्याखुऱ्या नवरा-बायकोची, हे कळल्यावर नवल वाटत नाही. मूळ कादंबरीकार डॅशिएल हॅमेट स्वतः पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेचा माजी डिटेक्टिव्ह, त्यामुळे खुनाची बाजू त्याने चोख बांधली असेलही. पण खुनी कोण, हे मला दर वेळी नव्याने कळतं आणि त्याचं काही वाटत नाही. लक्षात राहते ती नाताळची सकाळ. निक सोफ्यावर लोळत छऱ्याच्या बंदुकीने झाडावरचे फुगे फोडतोय, नोरा नवाकोरा फरकोट घालून ते बघतेय. एक छरा खिडकीची काच फोडतो, तसा हा अंगाची जुडी करून झोपेचं सोंग घेतो.

या आळशाला कामाला लावते नोराच. तिला हेरगिरीची भारी हौस. एकदा एक जण बंदूक रोखतो, तेव्हा गोळी लागू नये म्हणून निक तिलाच ठोसा मारून आडवी करतो. आज हे खुपतं. शुद्धीवर आल्यावर तिची तक्रार मात्र वेगळीच: तू त्याला लोळवणार हे ठाऊक होतं, पण मला ते बघायचं होतं!

गंमत म्हणजे ‘थिन मॅन’ हा निक नव्हेच, तो बेपत्ता झालेला संशोधक. लोकांनी मात्र नाव पॉवेललाच चिकटवलं आणि १९४७पर्यंतच्या पुढच्या पाचही चित्रपटांत ते तसंच राहिलं.

शेवटी सगळ्या संशयितांना जेवायला बोलावतात, वाढपी म्हणून पोलीस. निक ऐटीत एकेक धागा उलगडत असतो. शेजारून नोरा हळूच विचारते, हे खरं आहे? तो म्हणतो, काय माहीत. मग सांगतोयस कशाला? तर म्हणे, दुसरं काही जुळतच नाही.