घोडा की गाढव? सारंगखेड्यातले दोन दिवस

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत फोटो काढायला म्हणून दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी पहाटे दोंडाईच्याला उतरलो तेव्हा अंगात दोन स्वेटर होते, तरी दात वाजत होते. खानदेश म्हणजे ऊन, एवढंच डोक्यात घेऊन निघालेल्याची डिसेंबरात अशीच फजिती व्हायची. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन सारंगखेड्याला सगळ्यात सोयीचं. बाहेर पडलं की शहाद्याकडे जाणारी एसटी किंवा वडाप मिळते. तापीचा पूल ओलांडला की गाव आलंच. मुक्काम मात्र शहादा किंवा दोंडाईच्यात आधीच ठरवून ठेवा. यात्रेत ऐनवेळी खोली शोधणं म्हणजे निम्मा दिवस गेला म्हणून समजा.

यात्रा एकमुखी दत्ताची, पण तिची ख्याती घोड्यांची. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे, सगळे तापीकाठच्या मैदानात रांगेनं बांधलेले. यात्रा पुढे बरेच दिवस चालते, पण चांगली जनावरं सुरुवातीलाच विकली जातात. फोटोसाठी जायचं तर दत्तजयंतीला धरूनच जा.

मी मूळचा पक्ष्यांचे फोटो काढणारा. घोडा म्हणजे मोठा पक्षी, त्यात उडतही नाही, मग काय अवघड, असा माझा हिशोब. पहिल्या सकाळीच तो चुकला. एका काठियावाडी म्हाताऱ्याचा मुश्की घोडा दिसला, काळाभोर, अंगावर सूर्य चमकतोय. वाइड लेन्स लावून मी अगदी तोंडाजवळ जाऊन पाच-सहा फोटो काढले आणि कौतुकानं मालकाला दाखवले. त्यानं चष्मा वर केला, स्क्रीनकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "साहब, घोडा है ये, गधा नहीं."

खरंच होतं. डोकं हंड्याएवढं, मागचं धड शेळीचं. जवळून वाइड लेन्सनं काढलं की लेन्सजवळचं तोंड फुगतं आणि बाकीचं जनावर आटतं. नंतर त्या बाबांनीच मला उभं कुठं राहायचं ते दाखवलं: खांद्याच्या रेषेत, पंधरा-वीस पावलं लांब. मी लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स लावली आणि गुडघ्यावर बसून कॅमेरा घोड्याच्या छातीच्या उंचीला आणला. बाबांनी घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला सांगून घोडा सपाट जमिनीवर घेतला, एक पाऊल पुढे, एक मागे, असं करत चारही पाय वेगवेगळे दिसतील असा उभा केला. मग तिथल्या एका पोरानं माझ्या मागे जाऊन चंदीची, म्हणजे घोड्याच्या दाण्याची, पिशवी खळखळवली. कान असे ताठ झाले की दोन्ही टोकं मध्ये येऊन टेकली. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचं सगळं रूप त्या कानांत असतं. कान पडलेले असले की लाखाचा घोडा टांग्याचा दिसतो. "पहले कान देखो, फिर फोटू लो," इतकंच बाबांचं म्हणणं. त्यानंतर दोन दिवस मी डोळ्यावर फोकस ठेवला, पण बटण दाबलं ते कान बघून.

कानांवरून तुमचा जीवही वाचतो. दोन्ही कान मानेला चिकटवून मागे गेले की घोडा चिडलाय, तिथून निघायचं. मागून कधीच जाऊ नका. रांगांमधल्या बोळात अगाडी-पिछाडीचे दोर आणि खुंटे पसरलेले असतात. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चालाल तर एक तर खुंट्यावर आपटाल नाहीतर लाथ खाल. फ्लॅश बॅगेतच राहू द्या.

रंगाचंही गणित आहे. कॅमेऱ्याला सगळं करडं करायची खोड. मुश्की घोड्यानं फ्रेम भरली की तो काळ्याचा राखाडी करतो, म्हणून एक्सपोजर साधारण एक स्टॉप खाली, म्हणजे प्रकाश निम्म्यावर आणा. नुकऱ्याला उलट, थोडं वर. पण दहानंतरच्या उन्हात नुकऱ्याची पाठ जळून कोरी पांढरी होते, मग खालीच यावं लागतं. खरं तर दहा ते चार फोटो काढूच नका. शेवभाजी-भाकरी खा, सावलीत पडा.

शर्यतीत हजारांश सेकंदापेक्षा संथ शटर नको, एवढं सगळेच सांगतात. कुठला क्षण धरायचा, ते कुणी सांगत नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकारानं रांगेनं कॅमेरे लावून भरधाव घोड्याचे फोटो काढले, तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार तोवर ते पुढेमागे ताणलेले रंगवत होते. तो गोळा झालेला क्षण सापडला की घोडा तरंगतो. एक टाप आधी किंवा नंतर म्हणजे नुसता पायांचा गुंता. बर्स्ट, म्हणजे एका दाबात सलग फोटो, लावाच, पण कानानं टापांचा ताल धरा, जास्त हाती लागतं.

रेवाल चालीला मात्र मी शटर पन्नासांशापर्यंत उतरवलं आणि कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत नेला. या चालीत स्वाराची बैठक जागची हलत नाही, म्हणून त्याचा फेटा आणि मिशा स्वच्छ येतात, खाली पाय नुसते धुरासारखे. साठ-सत्तरात एखादाच जमला. त्या एकासाठी पुन्हा जाईन. ढोलावर नाचणाऱ्या घोड्यांभोवती मोबाइलांचं जंगल असतं. दोरीबाहेर खाली बसा, म्हणजे मागे फक्त आकाश येतं.

मैदानातली धूळ पिठासारखी बारीक. उघड्यावर लेन्स बदलू नका. मी बदलली, आणि दुसऱ्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत आकाशात तीन ठिपके आहेत, एक तर नेमका स्वाराच्या फेट्यावर.

फोटो काढण्याआधी विचारा, काढल्यावर पाठवा. मालकांना ते खरोखर हवे असतात, गिऱ्हाइकांना दाखवायला. बाबांना मी परतीच्या गाडीची वाट बघताना फलाटावरूनच मुश्कीचा सगळ्यात देखणा फोटो पाठवला. कान टेकलेले, चारही पाय मोकळे, अंगावर मावळतीचं ऊन. पाच मिनिटांत उत्तर आलं. गळ्याखालचा देवमणीचा भोवरा (केसांचा, शुभ मानतात तो) दिसत नाही, समोरून घेतलेला पाठवा.

समोरून घेतलेला एकही नव्हता. होते ते सकाळचे, गाढवाचे.