चिपाडाचा पत्रा: सगळं अडलं ते वाळवण्यात

उसाचं चिपाड आणि ठिबकच्या जुन्या नळ्या यांचा गोठ्यासाठी पत्रा करतोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, प्रेस किती टनाचा? दुसरा, प्लास्टिक कुठलं? दोन्ही सोपं आहे. नळ्या तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांतून भंगारात मिळतात, प्रेस, म्हणजे तापवून दाबणारं यंत्र, कुपवाडला तासावर भाड्यानं मिळाला. आमचे पहिले अकरा पत्रे वाया गेले ते पाण्यामुळे, आणि पावसाच्या नव्हे, चिपाडातल्या.

आधी मिश्रण सांगून मोकळा होतो. १०० किलोला वाळलेलं चिपाड ४५, प्लास्टिक ४७, कपलिंग एजंट ३, वंगण ३, झिंक बोरेट २ (बुरशीसाठी). प्लास्टिकमध्ये निम्म्या नळ्या, निम्मे एचडीपीईच्या (कडक पॉलिथिनच्या) कॅनचे तुकडे. नुसत्या नळ्यांचा पत्रा एप्रिलच्या उन्हात लुळा पडतो. नळ्यांत कार्बन ब्लॅक (काजळी) आधीच असतो, त्यामुळे उन्हापासून बचाव जवळजवळ फुकटात होतो. मात्र ड्रिपरच्या पोटात क्षार आणि गाळ बसलेला असतो. तुकडे करून दोनदा धुवा, नाहीतर ग्राइंडरची पाती तिथंच बोथट होतात. कपलिंग एजंट म्हणजे मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिन. चिपाडाला पाण्याची ओढ, प्लास्टिकचं पाण्याशी वैर; त्या दोघांची मोट हा बांधतो. महाग आहे म्हणून ३ चा १ करू नका. वंगण म्हणून झिंक स्टिअरेटही नको, ते याच एजंटला निकामी करतं. अमाइड वॅक्स घ्या.

आता चिपाडाकडे वळू. साखर कारखान्यातून निघणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे तिथल्या चिपाडात, निम्मं पाणी असतं, पण तिथं ते बॉयलरला लागतं, सुटं कुणी देत नाही. म्हणून कराडकडच्या गुऱ्हाळांवरचं उचललं. गुऱ्हाळाच्या चरकात रस पुरता निघत नाही, चिपाडात साखर राहते. ती प्रेसमध्ये करपते, पत्र्याला काकवीचा वास येतो, पुढे मुंग्या आणि बुरशी. म्हणजे धुणं आलं. वाळवायला आणलेला माल आपणच परत भिजवायचा!

धुण्याआधी बारीक करून चाळा. चिपाडाच्या पोटातला मऊ गर वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा असतो. पाणी शोषून धरतो तोच आणि पत्र्याला ताकद शून्य देतो. १० मेशच्या (इंचाला १० घरांच्या) चाळणीवर राहील ते पुन्हा दळायचं, ४० मेशखाली पडेल ते गोठ्यात अंथरायचं. मधला धागा आपला.

हा धागा धुऊन मे महिन्याच्या उन्हात ताडपत्रीवर तीन दिवस पसरला. कुरकुरीत झाला, मुठीत चुरडला की मोडायचा. लाकूडवाल्यांचं ओल मोजायचं मीटर टोचलं तर ५ टक्के. सगळे खूश. पहिला पत्रा प्रेसमधून काढताना कुकरची शिट्टी गेल्यासारखा फुस्स आवाज आला आणि डोळ्यादेखत मधोमध ताटाएवढा फोड वर आला. करवतीनं कापला तर आत पावासारखी जाळी.

हिशोब साधा आहे, तो आधी मांडायला हवा होता. २ मीटर बाय १ मीटर, ६ मिमी जाडीचा पत्रा साधारण १३ किलोचा. त्यात चिपाड ६ किलो. त्यात ८ टक्के ओल धरली तर अर्ध्या लिटरला थोडं कमी पाणी. एक ग्रॅम पाण्याची उकळताना सुमारे १.७ लिटर वाफ होते, म्हणजे एका पत्र्याच्या पोटात ८०० लिटर वाफ. प्रेस दाबून धरतो तोवर ती गप्प असते, दाब सुटला की वाट काढते. प्रेसवाला म्हणाला तापमान वाढवा. वाढवलं, तर वाफ तेवढीच आणि वर चिपाड जळायला लागलं. २०० अंशांच्या वर जाऊच नये. आम्ही १७० वर थांबलो. मधे दोनदा दाब सोडून वाफ घालवून पाहिली. फोड लहान झाले, गेले नाहीत.

मीटर खोटं बोलत होतं, कारण भुसभुशीत ढिगात त्याच्या सुया धाग्याला धड टेकतच नाहीत. खरी रीत जुनीच आहे: १०० ग्रॅम नमुना, १०५ अंशांची भट्टी, दर अर्ध्या तासानं वजन, लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबायचं. आमचे १०० चे ९१ झाले. हाताला कोरडा लागणारा माल म्हणजे ९ टक्के पाणी! हवं होतं १ च्या आत. आठवडाभर ज्यानं त्यानं प्रेसला शिव्या घातल्या, तराजूकडे कुणी पाहिलं नाही. माझा राग अजून त्या मीटरवरच आहे.

मग ट्रेच्या भट्टीत १०५ अंशांना, एका पेराएवढा थर, चार तास, वर हवा ओढणारा पंखा. पंखा नसेल तर वाफ आतच फिरते आणि वजन हलत नाही. तापमान ११० च्या वर नको, कोरड्या चिपाडाची धूळ पेटायचा धोका वाढतो. एवढं करून रात्री माल उघड्या पोत्यात ठेवला आणि सकाळी वजन केलं तर ६ टक्के ओल परत आत. कृष्णाकाठची हवा, त्यात जूनचा पहिला आठवडा. तेव्हापासून गरम असतानाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, आणि त्याच दिवशी व्हेंट (वाफेला वाट) असलेल्या एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे चिपाड आणि वितळलेलं प्लास्टिक एकजीव करणाऱ्या यंत्रातून. बारावा पत्रा आवाज न करता निघाला.

प्रेसचं राहिलंच. चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब, म्हणजे या मापाला ५०० टन. प्लायवूडचा प्रेस गरमच उघडतात, इथे तसं चालत नाही. गरम सपाट पत्रा लगेच नागमोडी साच्याच्या थंड प्रेसमध्ये टाकून दाबाखालीच ६० अंशांपर्यंत उतरू द्यायचा. घाई केली की पापडासारखा वाकतो.

टेस्टिंग लॅबच्या अर्जात 'पदार्थाचा प्रकार' या रकान्यात सिमेंट, जीआय आणि फायबर एवढेच पर्याय. 'इतर' लिहिलं, अर्ज परत. तीन आठवडे गेले. पदार्थाचं नाव सांगत बसू नका, चाचणीचं सांगा: पाणी शोषण्यासाठी एएसटीएम डी५७० किंवा आयएसओ ६२, वाकवण्यासाठी एएसटीएम डी७९०. खिडकीवरचा माणूस मग काही विचारत नाही. नमुन्याच्या कापलेल्या कडांतूनच पाणी शिरतं, म्हणून कडा बंद केलेला आणि न केलेला असे दोन्ही द्या.

बसवताना जीआयची (जस्ताच्या लोखंडी पत्र्याची) सवय विसरा. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे आधार, दोन फुटांवर, नाहीतर दोन उन्हाळ्यांत पोट सुटतं. पहाटेचे १२ अंश ते दुपारी तापलेल्या पत्र्याचे ६२, एवढ्यात २ मीटरचा पत्रा सुमारे ६ मिमी वाढतो, लोखंड जेमतेम १. म्हणून भोक स्क्रूपेक्षा ४ मिमी मोठं, वर रुंद रबरी वायसर, आणि आवळताना वायसर चपटा होईस्तोवर पिळायचं नाही. पाटणकडच्या मोठ्या पावसाच्या भागात उतार वाढवा. पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत या, म्हणजे पश्चिमेचा वारा जोडात पाणी मारत नाही. साइटवर कापलेली प्रत्येक कड तापलेल्या इस्त्रीनं वितळवून बंद करा. चुलीवर मात्र हा पत्रा नको, पेटतो.

आणि हो, चिपाड हंगामातच भरून ठेवा, पण चाळून आणि धुऊन. मार्चनंतर गुऱ्हाळावर उरतो तो ढीग आतून आंबलेला असतो. वरून पांढरा दिसतो, हात घातला की कोमट लागतो.