हत्ती घरी आणला आणि डाव गेला

"काका, ही ड्रॉ होती."

समोरची मुलगी अकरा-बारा वर्षांची असेल. मी राजा आडवा केला, हात मिळवला, निकालाच्या चिठ्ठीवर सही केली. माझ्या हातातून पेन घेता घेता ती हे म्हणाली. आवाजात मोठेपणा नव्हता. मला हे कळायलाच हवं असं तिला मनापासून वाटत होतं, एवढंच.

मे महिना, सांगलीतलाच एक मंगल कार्यालयाचा हॉल, पंचवीस मिनिटांचे डाव. सांगलीत बुद्धिबळ खेळणाऱ्याला लहान मुलांकडून हरणं नवीन नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळानं या गावाला हा नाद लावला. मी स्वतः शाळेत असल्यापासून खेळतोय. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, रविवारी स्पर्धा असली की जातो. हरून घरी येण्याचं मला दुःख होत नाही. पण तो डाव माझ्या हातात होता. अर्धा गुण माझ्या हक्काचा होता आणि मी तो माझ्या हातानं दिला, हे त्या मुलीनं सांगेपर्यंत मला कळलंही नव्हतं. पुढचे चार दिवस हिशेबाच्या वहीत मला तीच मांडणी दिसत होती.

मांडणी सांगतो. पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या एक ते आठ, काळ्याचं घर आठव्या ओळीवर. पटावर पाचच मोहरी. माझा काळा राजा ई८ वर, म्हणजे आपल्या घरातच, प्याद्याच्या समोर. माझा हत्ती ए६ वर. तिचा राजा डी५, प्यादं ई५, हत्ती एच७. तिला प्यादं पुढं न्यायचंय, मला ते होऊ द्यायचं नाही.

इथपर्यंत मी बरोबर खेळलो होतो, आणि तेही समजून. फार वर्षांपूर्वी कुणीतरी मला सांगितलं होतं, "हत्तीच्या एंडिंगला आपल्या बाजूची तिसरी ओळ धरून बसायचं." काळ्याची तिसरी म्हणजे पटावरची सहावी. माझा हत्ती त्या आडव्या ओळीवर उभा असेपर्यंत तिच्या राजाला ती ओळ ओलांडून माझ्या राजाच्या अंगावर येता येत नाही. मी ए६ वरून बी६, बी६ वरून परत ए६ करत राहिलो. तिनं हत्ती इकडून तिकडे फिरवून पाहिला, काही होईना. मग तिनं प्यादं ढकललं. ई६.

आणि मी परत हत्ती बी६ वर नेला. ओळ धरून बसायचं, म्हणून बसलो.

ती राजा ई५ वर घेऊन आली. आता मला दिसलं की तो एफ६ वर येणार. माझा हत्ती सहाव्या ओळीवर आहे खरा, पण मध्ये तिचंच प्यादं उभं, त्याच्या पलीकडे माझी नजर पोचत नाही. राजा एफ६ वर आला की एच८ वर हत्ती आणून मात. पोटात गोळा आला. अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केलं, हत्ती घरी बोलावला. बी८. आठवी ओळ राखायला.

राजा एफ६. आता माझा हत्ती माझ्याच राजाच्या उजव्या हाताला अडकलेला, आणि शह येणार डावीकडून. घर राखायला आणलेला हत्ती नेमका दाराच्या उलट्या बाजूला. राजा डी८ वर पळवला, तिनं एच८ वर शह दिला, राजा सी७ वर गेला आणि तिनं हत्ती मारला. मी तिचा हत्ती मारून काही उपयोग नव्हता, प्यादं चाललं वजीर व्हायला.

हॉलच्या बाहेर एका रिकाम्या टेबलावर तिनं ती पाच मोहरी परत मांडली. तिचे वडील गाडीची किल्ली हातात घेऊन उभे होते, तरी ती घाईत नव्हती. ई६ पर्यंत आणून थांबली. "इथं तुम्ही काय करायला पाहिजे होतं?" मी गप्प. तिनं माझा हत्ती उचलला आणि सरळ खाली, पटाच्या दुसऱ्या टोकाला, ए१ वर नेऊन ठेवला. "आता येऊ दे राजा डी६ ला." तिनं स्वतःच पांढरा राजा डी६ वर आणला आणि डी१ वरून त्याला शह दिला. राजा ई५, हत्तीचा ई१ वरून शह. राजा एफ६, एफ१ वरून शह. "बघा, लपायला जागाच नाही त्याला."

मग तिनं प्यादं परत ई५ वर ठेवलं. "प्यादं इथं होतं तेव्हा राजा ई६ वर त्याच्या पुढं उभा राहिला असता, मग मागून शह देता आला नसता, मध्ये प्यादं आडवं. म्हणून तेव्हा ओळ धरायची. प्यादं ई६ वर गेलं की ती जागा त्यानंच खाल्ली. आता ओळ सोडायची."

एवढंच आहे सगळं. मला वर्षानुवर्षं अर्धं वाक्य माहीत होतं. ओळ धरून बसायचं, हे माहीत होतं. कधी सोडायची, हे माहीत नव्हतं. आणि अर्धं माहीत असणं मला नडलं, कारण त्या एका चालीला मी विचारच केला नाही. माहितीच नसती तर कदाचित घड्याळ बघून दोन मिनिटं डोकं लावलं असतं.

नंतर वाचलं की ही मांडणी फिलिडोरच्या नावानं ओळखली जाते. फ्रान्सचा, अठराव्या शतकातला, पोटापाण्याला संगीतकार, ऑपेरा लिहायचा. १७७७ साली त्याचं हे विश्लेषण छापून आलं. अडीचशे वर्षं होत आली. माझ्या आजोबांच्या जन्माच्या कितीतरी आधी कुणीतरी हे कागदावर मांडून ठेवलं होतं, आणि आजोबा गावभागातल्या आमच्या घराच्या सोप्यात बसून मला शिकवायचे ते मात्र सगळं हल्ल्याचं. शह दिसला की द्यायचा, जोरात म्हणायचा. त्यांच्या खेळात राजा एकटा उरला की बुर्जी, म्हणजे डाव बरोबरीत, प्याद्यानं मात केली तर मोठा मान. त्यांनी बचाव शिकवला नाही कारण त्यांना हरायची वेळच फारशी येत नसे.

त्यांचा लाकडी संच माझ्याकडे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्यानं ५७ फूट ओलांडले तेव्हा आमच्या घराचा खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर चिखलातून मोहरी वेचली. दोन्ही राजे मिळाले. पांढरे दोन हत्ती, काळा एक, प्यादी अकरा. वजीर एकही नाही. पूर्ण डाव त्यावर मांडता येत नाही, पण टाकवलाही नाही. त्या मे महिन्यातल्या रविवारनंतर माझ्या लक्षात आलं की मला जे शिकायचंय त्याला पाचच मोहरी लागतात आणि ती सगळी माझ्याकडे आहेत. काळ्या हत्तीची बूड फुगून वाकडी झालीय, पटावर जरा कलतो. चालतं.

आता दुपारी सौदे संपले की आमच्या अडतीवर पट निघतो. पांढऱ्याकडून आमचे मापाडी मामा. त्यांना बुद्धिबळ घरगुती येतं, नियम पक्के, नावं-गावं माहीत नाहीत. शिकायला असाच माणूस बरा. पुस्तकातला पांढरा ठरलेलीच चाल करतो, मामा काहीही करतात. त्यांची बोटं हळदीनं कायमची पिवळी, त्यामुळं पांढरा हत्ती आता पांढरा राहिलेला नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त फिलिडोर. मामांनी प्यादं न ढकलता वीस-वीस चाली हत्ती फिरवला. मी सहाव्या ओळीवर इकडून तिकडे. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. काही न करता बसायचं आणि तरी प्रत्येक चालीला बघायचं, प्यादं हललं का? तिसऱ्या दिवशी मामांनी बोलता बोलता प्यादं सरकवलं आणि मी परत सहाव्या ओळीवरच हत्ती हलवला. तीच चूक. हात आधी जातो, डोकं मागून. त्या दिवसापासून मी चाल करण्याआधी हात मांडीखाली दाबून ठेवतो. सहावीत एका शिक्षकांनी लावलेली सवय होती, मध्ये सुटली होती.

एका दिवशी मामांनी विचारलं, "पण दिवाणजी, हत्ती घरात ठेवून कधीच निभत नाही का?" प्रश्न चांगला होता, मला रात्री बघावं लागलं. निभतं, पण कडेच्या प्याद्यांना. प्यादं ए किंवा एच ओळीवर असेल, किंवा बी आणि जी ओळीवर, तर राजा प्याद्यासमोर आणि हत्ती शेवटच्या ओळीवर ठेवून बसून राहिलं तरी बरोबरी होते. तिथं हल्ला करणाऱ्याच्या हत्तीला पलीकडच्या बाजूनं फिरून यायला जागाच पुरत नाही. सी, डी, ई, एफ या ओळींना मात्र जागा असते आणि घरात बसलेला हत्ती मरतो. माझं प्यादं ई ओळीवरचं होतं. जी वरचं असतं तर माझी भीती मला वाचवून गेली असती.

सहावी ओळ वेळेत धरता आली नाही आणि समोरचा राजा आधीच प्याद्याच्या पुढं येऊन बसला तर काय, हेही शिकलो. त्याला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्यादं पटाचे दोन भाग करतं, एक आखूड, एक लांब. ई ओळीच्या प्याद्याला एका बाजूला तीन ओळी उरतात, दुसऱ्या बाजूला चार. राजानं आखूड बाजूला सरकायचं, एफ८ कडून जी७ कडे, आणि हत्तीला लांब बाजू मोकळी ठेवायची, म्हणजे तो पार ए ओळीवरून आडवे शह देत राहील. हत्ती आणि प्यादं यांच्यामध्ये तीन उभ्या ओळी रिकाम्या हव्यात. दोनच असतील तर समोरचा राजा शह चुकवत चुकवत हत्तीपर्यंत चालत येतो. हे वाचून मला पटलं नव्हतं, एका ओळीनं काय होतंय? मामांविरुद्ध हत्ती बी ओळीवर ठेवून पाहिला. त्यांचा राजा खरंच चालत आला, शह संपले. मग ए ओळीवर ठेवला. राजा पोचेना, तो प्याद्यापासून लांब गेला की मी प्यादंच धरलं. मामा म्हणाले, "म्हणजे राजा एका गल्लीत आणि हत्ती दुसऱ्या गल्लीत. दोघं एकत्र राहिले की एकमेकांच्या पायात येतात." मी हे वाक्य रोजमेळाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.

हल्ला करणाऱ्याच्या बाजूनं लुसेनाची मांडणी असते, हत्तीचा आडोसा करून राजाला शहांतून बाहेर काढायचं. त्याला सगळे पूल बांधणं म्हणतात. गंमत म्हणजे ती मांडणी लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात नाहीच, १६३४ साली साल्व्हिओ नावाच्या इटालियन माणसानं छापली. मामांना ती दाखवली तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझ्यावर चालवली.

सध्या आम्ही वानचुरावर आहोत. हा चेकोस्लोव्हाकियातला तरुण तेविसाव्या वर्षी गेला, आणि त्याची ही मांडणी त्यानंतर, १९२४ साली छापली गेली. ती बघताना मला दर वेळी याची आठवण होते. पांढरं प्यादं ए६ वर, त्याच्या पुढं ए८ वर पांढरा हत्ती अडकलेला. काळा हत्ती एफ६ वरून आडवा प्याद्यावर नजर ठेवून. पांढरा राजा बी५ वर प्याद्याला आधार द्यायला आला की एफ५ वरून शह, तो हलला की परत सहाव्या ओळीवर. प्यादं ए७ ला गेलं की लगेच हत्ती त्याच्या मागं, ए६ वर. इतकं कमी सामान, आणि पांढऱ्याला काही करता येत नाही. मला हे सुंदर वाटतं. मी हळदीच्या पोत्यांमध्ये बसून हे बघतो आणि तरी वाटतं.

काल मात्र हरलो. प्यादं ए७ वर आलं, माझा हत्ती मागं ए ओळीवर होता, सगळं बरोबर. माझा राजा एफ७ वर होता. मामांनी हत्ती ए८ वरून उचलून एच८ वर ठेवला, प्यादं मला मोकळं सोडून. मी ते मारलं. त्यांनी एच७ वर शह दिला. राजा हलवला की त्याच सातव्या ओळीवर, प्याद्याच्या जागी उभा असलेला माझा हत्ती गेला. मामांना ही युक्ती कुणी शिकवली नव्हती, त्यांना ती तिथं दिसली. त्यांनी माझा वाकडा हत्ती उचलला आणि वजनकाट्यावर ठेवला.

प्यादं सातव्या ओळीवर असताना राजाला दोनच जागा सुरक्षित असतात, जी७ आणि एच७. हे मी वाचलं होतं, पण वाचलेलं आणि हातातलं यात अंतर राहिलं होतं.

मामा मोहरी परत मांडत होते. "राजा कुठं ठेवू?"

"जी७."