दाढी किती दिवसांनी करता?

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून तांदळाचा डबा उतरवताना पाठीत कळ आली. वय ६९. उसण भरली असेल म्हणून पंधरा दिवस शेकत बसलो. शेवटी एक्स-रे काढला, तर कमरेचा पहिला मणका पुढून चेपलेला. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. हा पाळी गेलेल्या बायकांचा आजार, अशीच माझी समजूत होती.

हार्मोनच्या डॉक्टरांनी आधी कारण शोधायला घेतलं. पुरुषाची हाडं अशी ठिसूळ झाली तर मागे बरेचदा काहीतरी सापडतं, म्हणाले. स्टिरॉइड घेता? दारू? थायरॉइड, पॅराथायरॉइड, ड जीवनसत्त्व, सगळं तपासायला सांगितलं. मग अचानक, "दाढी किती दिवसांनी करता?"

मी गप्प. हिनंच सांगितलं, "पूर्वी रोज करायचे, आता चार दिवसांनी." पुढचे प्रश्न इच्छेबद्दलचे होते. हिच्यासमोर उत्तरं देताना कानशिलं तापली, पण दिली. लहानपणी गालगुंड, तेव्हा अंडकोषाला सूज? होती, एकोणिसाव्या वर्षी. पुढे मुलगी झाली, त्यामुळे कधी शंकाच आली नाही. पन्नास वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दाढी आणि इच्छा या दोन्हींमागे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन असतं, आणि ते कमी पडलं की हाडंही ठिसूळ होतात. त्यासाठी रक्त दिलं ते दुपारी चारला, जेवून. लॅबमध्ये वेळेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूलाच ठेवला. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, दिवस चढेल तसं उतरतं. खाल्ल्यावरही आकडा घसरतो. म्हणून सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर आणखी एखाद्या दिवशी पुन्हा. पैसे वाया गेले याचा मला अजूनही राग आहे.

दोन सकाळचे आकडे आले १९४ आणि २०८ (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर). साधारण ३०० च्या खाली कमी धरतात. एलएच, म्हणजे अंडकोषांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन, मात्र वाढलेलं. म्हणजे ते सोडणारी मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी हाका मारतेय आणि अंडकोष ओ देत नाहीत.

मला वाटलं, आता टेस्टोस्टेरॉन दिलं की हाडं भरतील. डॉक्टरांनी थांबवलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५,२०४ पुरुषांच्या चाचणीत टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चर उलट जास्त निघाले. म्हणून हाडांसाठी वेगळं औषध: झोलेड्रॉनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. त्या रात्री ताप आला, अंग ठणकलं, दोन दिवसांत उतरलं. टेस्टोस्टेरॉनची जेल पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) पाहून मगच सुरू झाली.

परवा कट्ट्यावरचा मित्र मनगटाला प्लास्टर घालून आला. अंगणात नुसता घसरला होता. वय ७१. डेक्सा झालाय, टेस्टोस्टेरॉनही लिहून दिलंय, आणि हा दुपारी लॅबमध्ये निघाला होता. त्याला थांबवलं. उद्या आठला मीच घेऊन जातोय, चहाशिवाय.