कळलावीचे चार पावसाळे

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरामागे जांभ्याचा जुना गडगा होता आणि दर श्रावणात त्याच्यावर कळलावी चढत असे. गौरी आणताना आजी तेरड्याबरोबर तिचीही दोन फुले हमखास घेई. पुढे तो गडगा पाडला गेला आणि कंदही मातीच्या ढिगाबरोबर गेले. 2021 साली ही वेल परसात पुन्हा लावायचे मी ठरवले. मात्र डोंगरातून कंद खणून आणायचा नाही, हेही तेव्हाच ठरवले. औषधासाठी कंद उपटल्यामुळे ती अनेक ठिकाणी विरळ झाली आहे आणि माझ्या हौशीपायी त्यात भर पडणे मला पटत नव्हते.

एका रोपवाटिकेतून मागवलेल्या पाच कंदांपैकी पहिल्या पावसानंतर एकच उगवला. उरलेले चार मी उकरून पाहिले, तर ते टणक आणि निरोगी होते, पण कोंबाचा पत्ता नव्हता. कळलावीचा कंद दोन फाकांचा, नांगराच्या आकाराचा असतो. संस्कृतातील ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच आले आहे. बटाट्यासारखे त्याला अंगभर डोळे नसतात. फाकेच्या टोकाशी काय तो एक डोळा असतो आणि तो मोडला की बाकीचा कंद कितीही धष्टपुष्ट असला तरी कोंब येत नाही. माझ्या चारही कंदांची टोके प्रवासात मोडलेली होती. तेव्हापासून मी कंद कोरड्या भुशात ठेवतो आणि लावताना तो आडवा, साधारण दोन इंच खोल ठेवून टोकाला बोटाचाही धक्का लागू देत नाही.

हे काम हातमोजे घालूनच करावे. कंदापासून बियांपर्यंत सगळ्या वेलीत कोल्चिसीन हे तीव्र विष असते आणि कंद पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो. हेच द्रव्य शुद्ध करून, मोजक्या मात्रेत, गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर डॉक्टर देतात. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावण्याची जुनी प्रथा होती आणि ‘कळलावी’ हे नाव तिच्यातून आल्याचे सांगतात. तो प्रयोग आज घरी कोणीही करू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. घरात लहान मुले असतील तर वाफ्याला कुंपण हवेच.

दुसऱ्या वर्षी वेल जोमाने वाढली, पण मी रोवलेल्या जाड बांबूवर ती काही चढेना. पानाचे टोकच लांबून तणाव्यासारखे वळते आणि ते नाजूक टोक जाड आधाराला वेढा घालू शकत नाही. बांबू काढून निर्गुडीच्या बारीक फांद्या खोवल्या, तेव्हा आठवड्याभरात ती छातीएवढी उंच गेली.

फूल उमलते तेव्हा हिरवट पिवळे असते. मग सहाही नागमोडी पाकळ्या मागे वळतात, टोकांकडून तांबडा रंग उतरू लागतो आणि काही दिवसांत सारे फूल लाल होते. जवळून पाहिले की स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेली दिसते, म्हणजे परागकोशांपासून जणू हेतुपुरस्सर दूर. त्यामुळे फुलातले पराग त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर सहजी पडत नाहीत. त्या वर्षी बावीस फुले आली आणि शेंग धरली एकच.

तामिळनाडूचे हे राज्यफूल आहे आणि तेथील दिंडिगुल, करूर भागांत शेतकरी बियांसाठी त्याचे पीक घेतात. सकाळच्या वेळी फुलाफुलाला हाताने पराग लावण्याचे काम तेथे केले जाते, हे वाचल्यावर 2023 च्या श्रावणात मीही रोज चहाच्या आधी वाफ्यात जाऊ लागलो. एका फुलाचा पुंकेसर चिमट्याने खुडून दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला अलगद टेकवायचा, एवढेच काम. त्या हंगामात चौदा शेंगा धरल्या. त्या वाळून उकलल्या, तेव्हा आत नारिंगी लाल, गोल बिया ओळीने बसलेल्या होत्या.

वेल हिवाळ्यापर्यंत पूर्ण सुकते. जुना कंद झिजून गेलेला असतो आणि त्याच्या जागी नवा तयार झालेला असतो, त्यामुळे वाळलेली वेल दिसताच खणण्याची घाई करू नये. बियांना तर फारच धीर लागतो. 2024 च्या जूनमध्ये पेरलेल्या साठ बियांपैकी अकरा उगवल्या, त्यांना बोटाएवढी पाने आली आणि दिवाळीनंतर ती सुकली. माती हळूच चाळली, तेव्हा वाटाण्याएवढे अकरा कंद हाती लागले. फूल यायला त्यांना आणखी दोन-तीन पावसाळे लागतील. सध्या ते भुशाच्या डब्यात, टोके एका बाजूला करून, मृगाची वाट पाहत ठेवले आहेत.