आमची वाटचाल: कार्पेटखालची

नाना पेठेत गाडीच्या कुशनची कामं करणारे पूर्वीही पुष्कळ होते, आजही आहेत. सीटकव्हर, छताचं लायनिंग, दाराचे पॅड, आम्हीही तेच करायचो. कार्पेटखाली काय आहे, याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या तंतूंचा जाड थर, भिजला की उन्हात वाळवून तोच परत घालायचा. अगदीच कुजला असेल तर स्पंजचा तुकडा. आम्ही या इन्सुलेशनच्या, म्हणजे गाडीत येणारी उष्णता आणि आवाज अडवण्याच्या कामात पडलो ते एका ओम्नीपायी.

ओम्नीचं इंजिन कुठे असतं ते तुम्हाला सांगायला नको. 796 सीसी, तीन सिलिंडर, थेट पुढच्या सीटखाली. हडपसरहून एक काका यायचे, शाळेची मुलं ने-आण करणारे. मार्चमध्ये दुपारची फेरी सुरू झाली की त्यांचं एकच गाऱ्हाणं, "शेठ, बूड भाजतंय हो." कोणीतरी त्यांना सीटखाली जाड स्पंज घालून दिला होता. तो तेल पिऊन काळा पडलेला, आणि गरम इंजिनावर तेलकट स्पंज म्हणजे पेटायचीच भीती. आमच्या उस्तादांनी सीट उचलली, झाकण हातात घेऊन उजेडात फिरवलं आणि म्हणाले, "आधी बीडिंग बघ." रबर बीडिंग सुकून तडकलेलं, जागोजागी फट, तिथून गरम वारा सरळ वर. बीडिंग नवं घातलं. झाकणाच्या खालून चंदेरी कागदाचं काचतंतूचं कापड, इंजिनापासून जागा सोडून. वरून ब्युटाइल शीट, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी चिकट रबरी चादर, त्यावर बंद छिद्रांचा फोम. काका दिवसभर चहा पीत शेजारी उभे होते. निम्मा फरक त्या बीडिंगनेच पडला असणार, पण नाव झालं शीटचं. त्या वर्षी काकांच्या ओळखीच्या सगळ्या शाळेच्या व्हॅन आमच्याकडे आल्या. 2019 मध्ये ओम्नी बंद झाली, काकांनी ईको घेतली. तिचंही इंजिन सीटखालीच. आम्हाला काय!

मधली वर्षं बरी गेली. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

मग आली ती शोरूम. नाव घेत नाही. त्यांच्या ॲक्सेसरीज विभागाकडून नव्या गाड्या यायच्या, आम्ही सीटा काढून फ्लोअरला शीट लावून द्यायचो, बिल तीन महिन्यांनी. तेही चाललं असतं. पण आमच्याकडेच शीट दाबायचा रोलर धरायला शिकलेल्या एकाने वेगळं दुकान टाकलं आणि शोरूमला आमच्या निम्म्याहून कमी भाव दिला. काम रातोरात तिकडे गेलं. जुनी बिलं अडकली ती अडकलीच. माल उधारीवर आणलेला, व्यापारी रोज दारात. दोन कारागिरांना 'दुसरीकडे बघा' म्हणावं लागलं, पतपेढीचा हप्ता चुकला. उस्तादांनी तीन महिने पगाराचा विषय काढला नाही. वरून गिऱ्हाइकं येऊन सुनवायची, "समोर निम्म्यात करतात, तुम्ही लुटता!"

तो निम्म्यात काय लावायचा, तर गच्ची गळू नये म्हणून चिकटवतात ती डांबरी पट्टी. वरून चंदेरी, खालून काळी, हातात घेतली तर हुबेहूब ब्युटाइल. ओळखायची असेल तर तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि वाकवा. डांबर तडकतं, ब्युटाइल वाकतं. किंवा पत्र्याला उभा चिकटवून हीटगन धरा, डांबर ओघळायला लागतं. कंपनीच्या फ्लोअरवरही डांबरी पॅड असतात असं तो सांगायचा. असतात की! पण त्यांचं मिश्रण वेगळं, आणि ते भट्टीत तापून पत्र्याशी एकजीव झालेले असतात. दुपारी उन्हात बंद उभ्या गाडीत आतला पारा साठच्या वर जातो, तिथे गच्चीची पट्टी काय टिकणार?

पुढच्या एप्रिलपासून त्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या. काच उघडली की डांबराचा वास. कार्पेट उचललं तर चिकट तारा सुटायच्या. सीटच्या बोल्टच्या आट्यांत डांबर, वायरिंगवर डांबर, फ्लोअरच्या रबरी बुचांवर डांबर. काढायला कोरडा बर्फ (ड्राय आइस) पसरायचा, डांबर कडक झालं की लाकडी हातोडीने ठोकून पापुद्रे सोडवायचे. लावण्यापेक्षा काढण्याची मजुरी जास्त. 'लुटता' म्हणणाऱ्यांपैकी काहीजण रांगेत होते. मी काही बोललो नाही, बिल मात्र पूर्ण घेतलं.

उस्ताद आता येत नाहीत, त्यांचा रोलर आहे. लाकडी मूठ, लोखंडी चाक. शीटच्या चंदेरी पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत तो फिरवायचा. नक्षी दिसतेय म्हणजे खाली हवा आहे. नवी पोरं हाताने थापतात.

आणि हल्ली सगळ्यांना फ्लोअर पूर्ण चंदेरी हवा असतो, फोटोसाठी. अहो, पत्रा बोटाने वाजवा. टण्ण वाजतो तिथे शीट लावा. ठप्प वाजतो तिथे पैसे कशाला घालता? साध्या सपाट पत्र्यावर तिसरा हिस्सा झाकला तरी थरथर पुष्कळ मरते. टायरचा घरघराट हे वेगळं दुखणं, त्याला वजन लागतं. जड व्हिनाइलची चादर चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास भरते, लहान गाडीत मी ती स्वतःहून सुचवत नाही. आणि तो चंदेरी कागद उष्णता परतवतो तो समोर हवेची पोकळी असेल तरच. कार्पेटखाली दाबून बसवला की नुसता धातू. तिथे उष्णता अडवतो तो फोम. तोही पाच-सहा मिलिमीटरचा पुरे. जास्त घातलात तर कार्पेट बसत नाही आणि ॲक्सिलरेटरखाली जागा उरत नाही.

पाय भाजतात म्हणून येणाऱ्यांची गाडी मी आधी रॅम्पवर चढवतो. सायलेन्सरवरचा पत्र्याचा हीटशील्ड खडखडतो म्हणून कुठल्यातरी गॅरेजवाल्याने काढून फेकलेला असतो. तो नसेल तर वरून काहीही लावा, फ्लोअर तापणारच. डावीकडचं कार्पेट ओलं असेल तर आधी एसीच्या पाण्याची नळी साफ करून घ्या, नाहीतर नव्या शीटखाली गंज धरेल. सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि थोडा वेळ थांबा. सीटखालचं पिवळं कनेक्टर एअरबॅगचं असतं. रबरी बुचांवर शीट चिकटवू देऊ नका.

शोरूमचा माणूस मध्यंतरी परत येऊन गेला. रोख असेल तर बोलू म्हटलं. विचारून सांगतो म्हणाला.

भाव फोनवर विचारू नका. गाडी आणा, सीट काढून पत्रा बघतो, मग आकडा सांगतो. दुकान दुपारी एक ते चार बंद.