खिडकीची फुली बंद करताना गेलेले तीन दिवस

निपाणीजवळच्या एका गावातील दूध संकलन केंद्रासाठी मी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत विंडोज फॉर्म्सचा (विंडोजवरील खिडक्या आणि बटणे बनवण्याच्या साधनाचा) छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. सकाळी किटल्यांची रांग लागली की केंद्रावरचे काका घाईत उजव्या कोपऱ्यातील फुलीवर क्लिक करीत, आणि फॅट नोंदवलेली पण सेव्ह न झालेली पावती खिडकीसोबत नाहीशी होई. म्हणून फुली बंद करायची, एवढेच काम होते.

पहिला उपाय सर्वांना सुचतो तोच मी केला: फॉर्मक्लोजिंग, म्हणजे खिडकी बंद होण्याआधी घडणाऱ्या इव्हेंटमध्ये कॅन्सल ट्रू केले, म्हणजे बंद होणेच रद्द केले. त्या संध्याकाळी संगणक शटडाऊनच होईना, कारण माझा प्रोग्रॅम विंडोजलाही नकार देत होता, आणि काकांनी शेवटी प्लग ओढला. तेथे क्लोजरीझन, म्हणजे बंद होण्याचे कारण, तपासून ते केवळ यूजरक्लोजिंग (वापरणाऱ्याने बंद केले) असेल तेव्हाच अडवायला हवे होते.

मग विंडोजच्या गेटसिस्टममेनू या फंक्शनने खिडकीचा मेनू मिळवून एनेबलमेनूआयटेम या दुसऱ्या फंक्शनने त्यातील क्लोज निष्क्रिय केले. फुली करडी झाली, मी समाधानाने बेळगावला परतलो, आणि दुसऱ्याच सकाळी फोन आला. "सर, फुली परत चालू झालिया, माऊस नेला की लाल होतंय."

माझ्या संगणकावर मात्र फुली करडीच राहत होती. दोन दिवस मी कोड वरून खाली वाचला, विंडोजची आवृत्ती जुळवून पाहिली, काकांवर संशयही घेतला, आणि अखेर केंद्रावर त्यांच्या शेजारीच जाऊन बसलो. दराचा हिशेब करण्यासाठी ते खिडकी मिनिमाइज करून कॅल्क्युलेटर उघडत आणि पुन्हा खिडकी वर आणत. तेवढ्यात फुली जिवंत! खिडकीची अवस्था बदलली की विंडोज फॉर्म्स तो मेनू स्वतः नव्याने जुळवते आणि क्लोज पुन्हा सक्रिय करते, हे मला ठाऊक नव्हते. मी तर चाचणी घेताना खिडकी एकदाही मिनिमाइज केली नव्हती.

खरा उपाय तीन-चार ओळींचा निघाला. खिडकी कशी बनवायची हे सांगणारी क्रिएटपॅराम्स ही प्रॉपर्टी ओव्हरराइड करावी (तिच्या जागी आपली लिहावी), मूळ वर्गाकडून आलेल्या क्लासस्टाइलमध्ये सीएस नोक्लोज ही 'क्लोज नको' सांगणारी खूण, म्हणजे षोडशमान २०० (दशमान ५१२), ऑर या बिटांच्या क्रियेने मिळवावी आणि तेच परत द्यावे. मी घाईत ते आधी नुसत्या स्टाइलमध्ये मिळवले आणि आणखी एक तास घालवला. यामुळे खिडकी बंद करणाऱ्या ऑल्ट एफ४ या कळाही बंद होतात, मात्र कोडमधून बोलावलेले क्लोज चालते. त्यामुळे 'काम संपले' असे स्वतंत्र बटण अवश्य द्यावे, आणि ते पावती सेव्ह झाल्यावरच सक्रिय करावे.

"ती फुली काढूनच का टाकत नाही?" असे काकांनी नंतर विचारले. खिडकीची कंट्रोलबॉक्स ही प्रॉपर्टी फॉल्स केली तर फुली जाते, पण तिच्याबरोबर मिनिमाइजचे बटणही जाते, आणि कॅल्क्युलेटर तर काकांनाच लागतो.